ताटावरचा हात

नभा कोळेकरच्या घरात चार महिने एक गोष्ट घडत होती, आणि ती विज्ञानाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. तिच्या ताटात अन्न मोजून पडत होतं आणि तिचं वजन मात्र बेहिशेबी वाढत होतं.

मोजून म्हणजे अगदी ग्रॅमवर. २०५१ साली मिरजेतल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचा यंत्रमानव असे. कोळेकरांचा यंत्रमानव उंच स्टुलावर पिंप ठेवावं तसा दिसायचा. त्याला दोन लांब हात होते आणि उजव्या हाताला वाढायचं ओगराळं कायमचं जोडलेलं होतं. घरच्यांनी त्याचं नाव पंगत्या ठेवलं होतं. डॉक्टरांनी दहा वर्षांच्या नभासाठी दिवसाला सोळाशे उष्मांक (अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजायचं माप) ठरवून दिले होते. पंगत्या पोळी, भाजी, वरण तोलून त्या आकड्यात बसवायचा आणि मगच वाढायचा. तरी उंचीबरोबर वाढायला हवं होतं त्याहून चार किलो वजन जास्त वाढलं.

वजनाचं एवढं काही नव्हतं. माणसं लहान-मोठ्या आकाराची असतात आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. बिघडलं होतं ते आत. नभाच्या यकृतात चरबी साठू लागली होती. रक्तातली साखर मधुमेहाच्या घरात शिरली नव्हती, पण उंबरठ्यावर उभी राहून चपला काढत होती. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. साखर आत आली तर औषधं सुरू, आणि बहुधा जन्मभर.

या रस्त्याच्या पुढे काय असतं, हे नभाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते बाहेरच्या खोलीत होतं. तिचा बाबा, ओंकार, आठवड्यातून तीनदा तिथल्या पलंगावर डायलिसिस (निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त गाळणं) घेत पडलेला असे. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याला मधुमेह विशीत झाला होता. आता त्याला पाणीसुद्धा वाटीने मोजून मिळायचं.

शेवटी आटपाडीहून आबा आले. डॉ. महादेव कोळेकर, ओंकारचे वडील, शरीरक्रियाशास्त्राचे (शरीर आतून कसं चालतं त्याच्या अभ्यासाचे) निवृत्त प्राध्यापक. चाळीस वर्षं त्यांनी उंदरांवर प्रयोग केले होते आणि माणसांपेक्षा उंदीर खरं बोलतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आल्या आल्या त्यांनी कागद घेतला. चार किलो चरबी चार महिन्यांत, म्हणजे रोजचे साधारण अडीचशे उष्मांक जास्त. म्हणजे तूप लावलेल्या दोन पोळ्या.

"हवा खाऊन चरबी होत नाही," ते म्हणाले. "या घरात रोज दोन पोळ्या कुठून तरी येताहेत. चोर शोधायचा."

पहिला संशय अर्थातच नभावर गेला. तो तिचा स्वतःचाही होता. शाळेत मुलं तिला जे म्हणायची ते तिने घरी कधी सांगितलं नव्हतं, पण त्यातलं निम्मं तिला पटलं होतं. तिने आबांना विचारलं, "माझ्यातच काहीतरी हावरट आहे ना?"

आबा म्हणाले की हावरट नावाचा अवयव त्यांनी अजून कुठल्या उंदरात पाहिलेला नाही. सापडला तर कळवतील.

मग दुसरा संशय कुलूपबंद कपाटावर. नभाची आई, ऋजुता, बिस्किटं आणि चिवडा त्यात ठेवायची आणि किल्ली स्वतःजवळ बाळगायची. कपाट निर्दोष निघालं, पण पूर्ण नाही. नभा कबूल झाली की मैत्रिणीच्या घरी बिस्किटांची बशी आली की मैत्रीण एक खाते आणि ती पाच. आबांनी मान हलवली. जी गोष्ट कुलपात ठेवावी तिची किंमत मुलाच्या मनात वाढते, म्हणाले. मैत्रिणीला ते बिस्कीट आहे. तुला तो खजिना आहे. पण मैत्रिणीकडे ती महिन्यातून दोनदाच जायची. रोजच्या दोन पोळ्या तिथे सापडेनात.

मग आबांनी उंदरांच्या बाबतीत करायचे तेच केलं. कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि काही न बोलता आठवडाभर सगळ्यांची जेवणं बघितली.

त्यांना दिसलं ते असं. पंगत्या सोळाशेच्या हिशेबात तोलून वाढायचा. नभा जेवायची. पोट भरलं की सगळी मुलं करतात तसा हात ताटावर आडवा धरायची. मग पंगत्याचं ओगराळं पुढे यायचं, त्याच्या पाठीने तिचा हात हळूच बाजूला सारायचं आणि ताटात आणखी एक वाढ पडायची. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. नभा ते खायची, कारण ताटात टाकायचं नसतं.

आबांनी पंगत्याला समोर बसवलं. म्हणजे बसवता येत नव्हतं, उभा केला.

"हात आडवा आल्यावर तू का वाढलंस?"

"हात आडवा आला की वाढायचं असतं," पंगत्या म्हणाला. "मी या घरात आल्यावर पहिले एकवीस दिवस नुसतं बघत होतो. माझी शिकवणी तशीच असते. त्या काळात घरच्यांचा, पाहुण्यांचा मिळून दोनशे चौदा वेळा हात आडवा आला. दोनशे अकरा वेळा वाढलं गेलं."

"उरलेल्या तीन वेळा?"

"पातेलं रिकामं होतं."

पंगत्या तसाच पुढे सांगत राहिला. हे वरचं वाढलेलं त्याने मोजात धरलं नव्हतं, कारण ओंकारसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आग्रहाचं मोजत नसतात.

चोर सापडला होता. तो सगळ्या घरात मिळून एक होता.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आबांनी नभाला शेजारी बसवून तिच्या पोटातलं टपालखातं समजावलं. जठर रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) मेंदूला सांगतं, भूक लागली. जेवताना जठर ताणलं जातं, आतड्यांतून दुसरे निरोपे सुटतात आणि सांगतात, बास. हे दुसरे निरोपे जरा सुस्त. मेंदूपर्यंत त्यांचं म्हणणं नीट पोचायला वीसेक मिनिटं जातात. दूध पिणारं बाळसुद्धा निरोप आला की तोंड फिरवतं. ते त्याला कुणी शिकवत नाही.

"पण रोज तोंड फिरवल्यावर रोज कुणीतरी चमचा तोंडात घातला तर काय होईल?" आबांनी विचारलं. "निरोप्या यायचा थांबत नाही. मेंदू त्याच्याकडे बघायचा थांबतो. आता सांग, पोट भरलं हे तुला कशावरून कळतं?"

नभाने विचार केला. "ताट रिकामं झालं की."

आबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

जनुकांचाही (आई-वडिलांकडून पेशींत येणाऱ्या सूचनांचा) यात वाटा असतो, ते म्हणाले. काही शरीरं चरबी पटकन साठवतात, आणि कोळेकरांची त्यातलीच. पण जनुकं काही पोळी वाढत नाहीत.

मग त्यांनी पंगत्याला विचारलं की हात बाजूला सारायची ती लकब कुणाची. पंगत्याने शिकवणीच्या दिवसांतलं चित्र भिंतीवर दाखवलं. ओंकारचा हात. तो स्वतः जेवत नव्हता, त्याला तसं जेवताच येत नव्हतं. तो नभाच्या शेजारी बसून तिला वाढत होता आणि तिच्या घासाकडे बघत होता.

"मला काही चालत नाही," ओंकार पलंगावरून म्हणाला. "ती खाते तेव्हा मला खाल्ल्यासारखं वाटतं. बास. एवढंच होतं ते."

चित्र पुढे सरकलं. ऋजुता नभाला सांगत होती, दोडका संपव म्हणजे आइस्क्रीम. ऋजुताच्या स्वतःच्या ताटात दोडका नव्हता. तिचं ताटच नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं संपवत होती. ऋजुताने ते पाहिलं आणि मान खाली घातली. दोडका ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस, हे नभा दहा वर्षं रोज शिकली होती. शिकवणाऱ्याला मात्र आपण शाळा चालवतोय याचा पत्ताच नव्हता.

आबा चित्राजवळ गेले. ओंकारच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. ओगराळ्याची पाठ, मनगटाचा तो बारीक झटका.

"हा ओंकारचा हात नाही," ते म्हणाले. "हा माझा आहे. त्याच्या ताटावर मी असंच करायचो. आणि माझाही नाही. माझ्या आईचा आहे."

१९७२ च्या दुष्काळात त्यांची आई दहा वर्षांची होती. माणदेशात प्यायला पाणी नव्हतं. खडी फोडायच्या कामावर मुलांना सुकडी मिळायची, भरड पिठाची गोड भुकटी. तिचा धाकटा भाऊ अशक्त होता. तो दोन घास खायचा आणि हात आडवा धरायचा. कुणी जबरदस्ती केली नाही. पुढच्या पावसाळ्यात तो नव्हता. तेव्हापासून तिने कुणाचा आडवा हात मानला नाही. ना मुलाचा, ना पाहुण्याचा, ना शेजारच्या पोरांचा.

"तिचं चुकलं नाही," आबा म्हणाले. "त्या वर्षी तो वाढणारा हात बरोबर ठरला असता. वर्ष गेलं, हात राहिला. मी चाळीस वर्षं उंदरांच्या भुकेवर शोधनिबंध लिहिले आणि घरी येऊन माझ्या पोराच्या ताटात वाढत राहिलो."

यंत्र ओंकारचं रक्त गाळत होतं, त्याचा आवाज येत होता.

नभाला वाटलं, आता सोपं आहे. तिने पंगत्याला हुकूम दिला की हात आडवा आला की वाढायचं नाही. पंगत्या म्हणाला, बरं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलं. मोजमापाचं तो सांगितलेलं पाळायचा, पण वाढायची रीत शिकायचा बघूनच. घरात त्याला दोनशे अकरा वेळा दिसलेलं होतं, आणि हुकूम एकच होता.

"म्हणजे माझ्यासारखाच," नभा म्हणाली.

पुन्हा एकवीस दिवसांची शिकवणी लावावी लागली. पंगत्यासाठी म्हणून, पण बसलं सगळं घर. आबांनी नियम एकच सांगितला: काय शिजवायचं आणि कधी जेवायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते जेवणाऱ्याने. कपाटाचं कुलूप निघालं. आतला साठाही कमी झाला, आणि रविवारी आइस्क्रीम आलं तेव्हा ते कशाच्याही बदल्यात आलं नाही. ऋजुताने ताट घेतलं, बसली आणि सगळ्यांसमोर दोडका खाल्ला. पहिल्या दिवशी तिचा चेहरा दंतवैद्याकडे बसल्यासारखा होता. तो पंगत्याने नोंदवून ठेवला. अकराव्या दिवशी ती विसरून दुसऱ्यांदा मागून बसली.

नभाने अर्ध्या जेवणात थांबून वाट बघायची होती. पहिले कितीतरी दिवस निरोप आलाच नाही. आतून काही ऐकूच येईना. ती रडली. आबा म्हणाले, इतकी वर्षं दार लावून घेतलंय, तो बिचारा आता आधी कडी शोधेल. सोळाव्या दिवशी भाकरीचा चतकोर राहिला असताना ती थांबली आणि म्हणाली, मला वाटतं, आला.

हे सगळं बाहेरच्या खोलीतल्या यंत्राला लागू नव्हतं. गेलेली मूत्रपिंडं असल्या गोष्टी ऐकून परत येत नाहीत. त्या तीन महिन्यांत ओंकार दोनदा रुग्णालयात राहून आला आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा एका डोळ्याने त्याला नीट दिसेनासं झालं होतं. नभाची तपासणी झाली. यकृतातली चरबी थोडी उतरली होती. साखर अजून उंबरठ्यावरच होती, पण आत पाऊल टाकलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषध नको, सहा महिन्यांनी या. एवढंच मिळालं. त्यापेक्षा जास्त कुणी कबूलही केलं नव्हतं.

रविवारी आबांनी स्वतः स्वयंपाक केला. सगळे खाली बसले, ओंकारही. त्याच्या ताटात त्याला चालतो तेवढाच भात होता, तोही त्याने सावकाश खाल्ला. आबा पातेलं घेऊन उठले. त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण भाताचं ओगराळं ओंकारच्या ताटाकडे निघालं होतं.

ओंकारने हात आडवा धरला. सुयांनी निळा पडलेला, मनगटाशी पट्टी बांधलेला हात.

ओगराळं हवेत थांबलं. नभा घास हातात धरून बघत राहिली. त्रेचाळीस वर्षांत त्या ताटावरचा तो हात एकदाही कुणी मानला नव्हता.

आबांनी भात परत पातेल्यात टाकला आणि खाली बसले.

कोपऱ्यातून पंगत्याने शिकवणीच्या दिवसांसारखी नोंद केली आणि मोठ्याने वाचली, कारण हळू आवाजात वाचायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"हात आडवा आला. वाढलं नाही. पातेलं भरलेलं होतं."