दोन पायऱ्या आणि हरवलेली फळी

"चार वाजायला पंचवीस मिनिटं!" शेपटाने तिसऱ्यांदा सांगितलं.

"घड्याळ मलाही दिसतं रे!" कप्तान म्हणाली. पण तिचे हात खुर्चीच्या चाकांवर घट्ट आवळलेले होते.

समोर एका वनस्पतिशास्त्रज्ञाचं जुनं, बैठं घर होतं; आता ते पाहुण्यांना दाखवायचं संग्रहालय झालं होतं. त्याच्या अभ्यासिकेत बरोबर चार वाजता सुट्टीतल्या बालमार्गदर्शकांची निवड होणार होती. कप्तानने महिनाभर खपून तिथल्या बागेतलं झाडन् झाड पाठ केलं होतं. उशीर झाला, तर नाव रद्द! आणि दारात दोन दगडी पायऱ्या.

शेपूट हा कप्तानचा धाकटा भाऊ, सदा तिच्या मागे मागे, म्हणून हे नाव. तिसरी त्यांची मैत्रीण मोजपट्टी. तिच्या खिशात कायम टेप असायचा.

"काका, फोनवर तुम्ही उताराची फळी आहे म्हणाला होतात," मोजपट्टीने घराच्या व्यवस्थापकांना दारातच गाठलं.

"आहेच मुळी! रोज सकाळी तपासतो. ही बघ वही!"

वहीत लिहिलं होतं: 'लाकडी फळी, दोन मीटर चाळीस. ठीक.' पुढे टपोरी खूण.

"मग कुठे आहे?"

"असेल कोठीत. नाहीतर दोघं जण उचलून नेऊ की हिला!"

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" कप्तान उसळली.

काका वही पायरीवर ठेवून फोन घ्यायला वळले. शेपटाने हळूच पान उलटलं आणि त्याचे डोळे विस्फारले.

"ताई! उद्याचीही खूण झालीये! परवाचीही! अख्खा महिना!"

म्हणजे फळी कुणी पाहिलीच नव्हती!

मोजपट्टी धावत जाऊन कोठीच्या खिडकीतून डोकावली. आत फावडी, झारे, नळी. फळी नाही. ती परतली तेव्हा बारा मिनिटं उरली होती. कप्तानने दाराकडे पाहिलं. आत नावं पुकारायला सुरुवात झाली असेल का?

"एवढी लांब वस्तू लपून राहत नाही," ती स्वतःलाच समजावत म्हणाली. "कुणीतरी ती वापरतंय."

तिने सावकाश खुर्ची वळवली. फाटकाशी फुलांच्या कुंड्यांच्या तीन ऐटदार रांगा होत्या, खाली पांढरी चादर. उभ्या माणसाला फुलंच दिसत. बसलेल्या कप्तानला चादरीखालून डोकावणारी पिवळ्या लाकडाची कड दिसली.

"मोजपट्टी, टेप!"

"दोन मीटर... चाळीस! तंतोतंत!"

"अरे, हात लावू नका! पाहुण्यांसाठी मांडलंय ते!" काका ओरडत आले.

"मीही पाहुणीच आहे, काका," कप्तान म्हणाली. "आणि उद्या तपासलेली फळी आज कुंड्यांखाली कशी, हे आत निवड करणाऱ्या बाईंना तुम्ही सांगता की मी सांगू?"

काकांनी वहीकडे पाहिलं. कपाळ पुसलं. आणि पहिली कुंडी त्यांनीच उचलली!

एकवीस कुंड्या. शेपूट धापा टाकत होता, मोजपट्टीचा फ्रॉक चिखलाने माखला. चार वाजायला दोन मिनिटं असताना फळी पायऱ्यांवर बसली. चारच्या ठोक्याला कप्तान अभ्यासिकेत होती.

पांढऱ्या केसांच्या निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हं, घर दाखव पाहू. सुरुवात कुठून?"

कप्तानने खुर्ची मागे वळवली. "दारातल्या फळीपासून, बाई."

बाई तिच्यामागून बाहेर आल्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी फळीवरून दोनदा चालून पाहिलं.

"वीस वर्षं येते मी इथे. ही आज पहिल्यांदा पाहिली! शाबास, पोरांनो!" त्या कप्तानकडे वळल्या. "उद्यापासून ये. सगळ्यात पहिला गट तुझा."

काकांनी वही आणि पेन्सिल मोजपट्टीपुढे धरली. तिने आधी महिन्याभराच्या खुणा खोडल्या. मग फळीपाशी जाऊन, वाकून, हात लावून पाहिलं आणि आजची एकच खूण केली.