मुळाशी तीन बोटं

एप्रिलात काराकोल शहरात बर्फमिश्रित पाऊस कोसळला आणि एर्मेकची बस चुकली. आडोसा म्हणून तो समोरच्या पार्लरमध्ये शिरला. आत केस करणारी अल्तिनाय एकटीच होती. तिने त्याच्या निथळत्या केसांकडे पाहिलं.

"खराटाही इतका सरळ नसतो," ती म्हणाली.

"मग करा कुरळे. पुढची बस दोन तासांनी आहे."

रोलर सोडले आणि ती बघतच राहिली. टोकांना सुरेख वळणं; मुळाशी मात्र तीन बोटं केस काडीसारखे ताठ. केस कायमचे कुरळे करणारा तिचा पर्म आठ वर्षांत असा फसला नव्हता. तिने बोटं लावून पुन्हा मोजलं.

"हे चार महिन्यांत वाढलेले केस. चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं तुम्हाला?"

आरशात त्याची नजर खाली गेली.

"क्षय... आता माझ्यापासून कुणाला होणार नाही. गोळ्या अजून दोन महिने आहेत." तो उठू लागला. हे ऐकलं की लोक खुर्ची लांब सरकवतात, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

अल्तिनायने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि वाकून मुळं निरखली.

"आमच्या गुरूबाई म्हणायच्या, औषध चालू असलं की एखाद्याचा पर्म धरत नाही. मला ती सबब वाटायची. पुन्हा याल? मानेजवळची एकच बट करून बघू."

"माझ्यावर प्रयोग?"

"केसांवर. तुम्ही नुसते सोबत या."

तो दर महिन्याला येऊ लागला. बटेला वीस मिनिटं लागत, गप्पांना दोन तास. जून गेला, जुलै गेला; गोळ्या अजून चालूच आहेत, असं तो सांगे. बट मुळाशी सरळच राहिली. सप्टेंबरात मात्र ती अगदी मुळाशीही वळली.

"गोळ्या चालू आहेत म्हणाला होतात ना?"

"हो... म्हणजे —" त्याची मान लाल झाली. "जूनमध्येच संपल्या. खरं सांगितलं असतं, तर बोलावलं असतं पुन्हा?"

रोलरमधून बट केव्हाच सुटली होती, तरी अल्तिनाय ती बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"रविवारी दुकान बंद असतं. मी बाजारात अश्लानफू, त्या थंड आंबट शेवया, खायला जाते... एकटीच."

"मग मी —"

"केस विंचरले नाहीस तरी चालेल. पण ये."

'या'च्या जागी 'ये' निघून गेलं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिने ते दुरुस्त केलं नाही.