पारधीचा पहिला वाटा

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी कल्पिताने नवऱ्याला फोन लावला. वेळ अशी मिनिटासकट सांगता येते, कारण तिच्या मोबाइलमध्ये ती अजून आहे. तिने पुसलेली नाही. काम साधंच होतं. पाच महिन्यांची रेवती दुपारपासून कुरकुरत होती, येताना ग्राइप वॉटरची बाटली आण, एवढंच सांगायचं होतं. रिंग पूर्ण वाजली. देवेशने उचलला नाही.

पलीकडे ती रिंग कशी वाजत असेल ते तिला ठाऊक होतं. रडू फुटायच्या आधी रेवती बारीक कुंई… कुंई… करते, ते देवेशने रेकॉर्ड करून बायकोच्या नंबरला लावून ठेवलं होतं. तुझा फोन आला की मला पोरीचीच हाक येते, असं म्हणून तो हसायचा.

जानेवारीचे दिवस होते. मुलुंड कॉलनीच्या वर, जिथून रिक्षा पुढे जात नाही, तिथे डोंगराला पाठ लावून ती वस्ती बसली आहे. त्यांचं घर शेवटच्या रांगेत. मागचं दार उघडलं की अरुंद नाला, नाल्यापलीकडे जंगलाची भिंत, आणि भिंतीवरून आत वाकून बघणारी झाडं. दिवस मावळला की त्या दारातून वाळलेल्या पाल्याचा वास घरात यायचा आणि कल्पिता दार लावून घ्यायची. लहान बाळ आहे घरात, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे भीती तिची तिलाच वाटायची.

देवेश एका शाळेच्या मैदानावर कामाला होता. तिथे मुलं धनुष्यबाण शिकायची. पेंढ्याची टार्गेट उभी करायची, बाण गोळा करायचे, मैदान झाडायचं, हे त्याचं काम. मुलं घरी गेली की सर त्यालाही चार बाण मारू द्यायचे. वर्षभरात हात चांगला बसला, तसं सरांनी एक जुनं धनुष्य त्याला देऊन टाकलं. ते कपाटावर असायचं.

कल्पिताला दूध कमी होतं. पावडरीचा डबा आणावा लागायचा आणि प्रत्येक वेळी बाटली भरताना तिचं तोंड उतरायचं. सासू मालन, मालवणकडची. एकदा नातीला तेल चोळता चोळता ती म्हणाली, "आमच्या गावात पारधीचो पयलो वाटो बाळंतिणीच्या घराक जाय." मग शिकारीच्या त्या वाट्याचा रस्सा प्यायल्यावर दूध कसं उतरायचं, हे तिने इतकं रंगवून सांगितलं की कल्पिताला हसू आलं.

"इथे कोण आणणार वाटा?" ती देवेशकडे बघत म्हणाली. "आमचे शिकारी पेंढ्यावर बाण मारतात."

सासूसमोर ती त्याला अहो म्हणायची, एकटे असले की अरे. त्या दिवशी दोन्ही म्हणाली नाही, नुसती हसली. देवेशही हसला. पण त्याची नजर दुधाच्या बाटलीवर होती, हे तिला नंतर आठवलं.

फोन उचलला नाही त्या संध्याकाळी तो साडेआठला आला. हातापायांवर ओरखडे, केसांत काटे. हातपाय न धुता तो पाळण्याजवळ बसला. फोन कुठे म्हटलं तर नुसते खिसे चाचपले. मालन देवळात गेली तेव्हा खाली बघत त्याने विचारलं, "तू सहाच्या सुमाराला फोन केला होतास ना?"

"हो. का रे?"

मग त्याने सांगितलं ते असं. भिंत जिथे फुटली आहे तिथून तो दुपारी आत शिरला. बाणाचं टोक त्याने कानशीने घासून धारदार केलं होतं. वरच्या अंगाला एक पाणवठा आहे, तिथे करवंदीच्या जाळीआड बसला. खिशात टोचतो म्हणून फोन बाजूच्या खडकावर ठेवला. उन्हं उतरली आणि एक चितळाची मादी आली. एकटीच. तिने मान खाली घातली, त्याने दोरी ओढली, आणि बाण सुटायच्या क्षणी खडकावर फोन वाजला. कुंई… कुंई…

"कुठलंही जनावर पळालं असतं," देवेश म्हणाला. "ती पळाली नाही. कान पुढे केले आणि आवाजाकडे दोन पावलं आली."

त्या दोन पावलांनी बाण छातीत लागायचा तो पोटात लागला.

सर म्हणायचे, आणि मोबाइलवर शिकारीचे व्हिडिओ बघतानाही त्याने ऐकलं होतं, की लागल्यावर मागे धावायचं नाही. अर्धा तास जागचं हलायचं नाही. जनावर थोड्या अंतरावर बसतं आणि तिथेच शांत होतं. पण त्याचा पहिलाच बाण. तो धावला, म्हणून तीही धावली. पाल्यावर रक्ताचे थेंब होते. एका पानावर लाल थेंबाशेजारी पांढरा थेंब होता. त्याने बोट लावून बघितलं. दूध होतं.

पुढे कातळ लागला आणि थेंब संपले. मागे आला तर खडकावर फोनही नव्हता.

रेवती झोपेत चुटूचुटू ओठ हलवत होती. ते बघवेना, म्हणून कल्पिताने तिच्यावर दुपटं ओढलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती देवाजवळ दिवा लावत होती. रेवती गाढ झोपलेली. अचानक कल्पिताची छाती भरून आली आणि ब्लाउज ओला झाला. पाच महिन्यांत इतकं दूध तिला कधी आलं नव्हतं. आणि त्याच वेळी मागच्या दाराबाहेरून, भिंतीपलीकडून, खूप वरून आवाज आला. कुंई… कुंई…

तिने पाळण्यात बघितलं. पोर झोपलेलीच होती. तिचा स्वतःचा फोन फळीवर पडला होता. सहा बारा झाले होते.

रोज असंच होऊ लागलं. सहा बाराला आवाज यायचा आणि तिला पान्हा फुटायचा. मालन खूश. पावडरीचा डबा तिने शेजारी देऊन टाकला. आवाज सासूला ऐकू यायचा नाही. देवेशला यायचा. आता तो सहाच्या आत घरी येऊ लागला होता; चहाच्या कपावरून मान वर करायचा आणि कल्पिताकडे बघायचा.

मग तो कामावरून परस्पर डोंगरात जाऊ लागला. आधी म्हणाला, फोन शोधतो. मग म्हणाला, बाण पोटात घेऊन फिरतेय ती, तिला तशीच कशी ठेवू? मिळाली तर सोडवतो एकदाची. आठवड्याभरात तो अर्धा झाला. अंगाला घामाऐवजी चुरगळलेल्या गवताचा वास यायला लागला. रात्री झोपला की त्याच्या नाकातून बारीक शिटी वाजायची. लहानपणी पडून नाक मोडलं होतं, तेव्हापासूनची ती शिटी. कल्पिता त्यावरून त्याला कुकर म्हणायची. आता ती रात्रभर त्या शिटीवर कान ठेवून जागी असायची. वाजतेय तोवर हा घरात आहे, असा तिचा हिशेब.

अकराव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी चारला तो चपला घालून उभा राहिला आणि म्हणाला, "काहीतरी मऊ, जुनं कापड दे ना गं."

"कशाला?"

"तिला बांधायला."

कल्पिताने कपाटाकडे बघितलं. धनुष्य वरच होतं. त्याने त्याला हातही लावला नव्हता.

"नको जाऊस रे," ती म्हणाली. "एका हरणीपायी वेडा होशील."

"कल्पिता, ती आवाजाकडे आली ना… कशासाठी आली, ते तुला तरी मी सांगायला नको."

तिने आपल्या जांभळ्या सुती साडीचा तुकडा दिला. रेवतीला गुंडाळायचा, धुवूनही दुधाचा वास न गेलेला. त्याने तो घडी करून शर्टाच्या आत, पोटाशी ठेवला. वाकून पोरीच्या टाळूचा वास घेतला. आज आवाज जवळून येणार, मला वाटतंय, असं काहीसं पुटपुटला. नाल्यावरच्या फळीवरून तो पलीकडे गेला आणि भिंतीशी एकदा मागे वळला. ती दारात होती. सहाच्या आधी ये, असं ओरडून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण पोर जागी होईल म्हणून ओरडली नाही.

त्या दिवशी सहा बाराला आवाज आला नाही.

देवेशही आला नाही.

रात्री कल्पिताने सासूला सगळं सांगितलं. मालनने दुसऱ्या दिवशी सुनेला बजावलं, शिकारीचं नाव तोंडातून काढायचं नाही. सरकारी जंगल, हरणाला बाण मारलाय, पोर सापडला की सरळ तुरुंगात जाईल. दोघींनी पोलिसांत सांगितलं, घाटकोपरला मित्राकडे जातो म्हणून गेला. पोलीस घाटकोपरला विचारत राहिले. स्टेशनांवर फोटो लागले, दवाखाने झाले. त्याचा नंबर बघून त्यांनी सांगितलं, हा फोन तर अकरा-बारा दिवस आधीपासूनच बंद आहे. खोटं बोलून दोघी घरात बसल्या होत्या आणि डोंगर मागच्या दारात उभा होता. पाच दिवस असे गेले.

सहाव्या दिवशी कल्पिता रेवतीला कडेवर घेऊन जंगलाच्या चौकीवर गेली. तिथे भीमराज नावाचा वयस्कर चौकीदार असतो. त्याच्यासमोर तिने सगळं सांगितलं, बाणासकट, बाटलीसकट, आपण हसून बोललो त्यासकट. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, पाच दिवसांपूर्वी यायचं होतंत."

माणसं वर गेली. दोन दिवस शोधलं. बिबट्याने नेला म्हणावं तर कपड्याची चिंधी नाही, रक्त नाही, ओढल्याची खूण नाही. बाण नाही, फोन नाही, मेलेली हरणी नाही. सापडली ती एकच गोष्ट, आणि ती भीमराजने कागदावर लिहिली नाही. घरी येऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून, टोपी हातात घेऊन सांगितली.

कातळाच्या वर, जिथे कुणी जात नाही, तिथे उंच गवत आहे. हरणं बसतात तिथलं गवत दबतं आणि त्यांच्या अंगाच्या आकाराचे खळगे पडतात. तिथे तीन खळगे होते, एकमेकांना लागून. एक मोठ्या मादीचा. एक लहानग्याचा. आणि मधला लांब, पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा.

"हात लावला मी," भीमराज हळू आवाजात म्हणाला. "तिन्ही गरम होते."

यालाही आता दोन महिने झाले. मालन गावी निघून गेली. जाताना सुनेला चल म्हणाली. कल्पिता गेली नाही. घराला मागचं दार आहे, ते आत येणाऱ्यासाठी उघडं लागतं, असं ती म्हणाली. ज्या दाराची तिला भीती वाटायची, ते ती आता तिन्हीसांजेला उघडून बसते. चार घरी धुणीभांडी करते, पण साडेपाचला घरी असते.

सहा बाराला ती त्याच बंद नंबरला फोन लावते. दिवसातून इतर कधीही लावला तर बाई सांगते, हा नंबर बंद आहे. सहा बाराला मात्र रिंग जाते. इकडे तिच्या कानात रिंग, आणि तिकडे भिंतीपलीकडे, वरच्या झाडीत कुठेतरी, पाच महिन्यांच्या रेवतीचा आवाज. आता सात महिन्यांची झालेली रेवती तो ऐकून हात पसरते.

गेल्या सोमवारी फोन उचलला गेला.

कल्पिता आधी काही बोललीच नाही. भीती वाटली की बोललं तर पळेल. पलीकडे वाऱ्यात गवत हलत होतं. मग श्वास ऐकू आला. मोठा, ओला, फोनच्या अगदी जवळ. त्याच्या मागे लहान, भरभर चालणारा. आणि त्या दोन्हींच्या मधे तिसरा… संथ, गाढ झोपलेला. त्याला बारीक शिटी होती.

"देवेश…" ती म्हणाली.

शिटी थांबली. मोठा श्वासही थांबला, कुणी कान पुढे करावेत तसा. मग फोन बंद झाला. पदर दुधाने ओला झालेला तिला बऱ्याच वेळाने कळलं.

तेव्हापासून ती सकाळी भिंतीच्या वाटेने चालायला येणाऱ्यांना थांबवून एकच सांगते, म्हणून तिचा निरोप इथेही लिहिला आहे. मुलुंडच्या डोंगरावर तुम्ही किंवा तुमच्यातलं कुणी जाणार असाल, आणि वर झाडीत तान्ह्या बाळाच्या कुरकुरण्यासारखा आवाज आला, तर जवळ जाऊ नका आणि तो फोन उचलू नका. तो तिने लावलेला फोन असतो, ज्याच्यासाठी आहे त्यालाच उचलू द्या. पण गवतात कुणी माणूस झोपलेला दिसला, पोटाशी जांभळ्या सुती कापडाची घडी असलेला, तर त्याला लांबूनच सांगा. सांगा, रेवती बसायला लागली. दूध पुरतं. घरी काही आणायचं राहिलेलं नाही. तिने म्हटलंय, रिकाम्या हाताने ये.