हातचा एक

गाडी कमानीत अडकली आणि त्या शाळेत बऱ्याच वर्षांनी काहीतरी घडलं.

गावोगाव फिरणारी प्रयोगशाळा होती ती. आत भिंगं, चुंबकं, तराजू. बाहेर ठळक अक्षरांत ‘हात लावून पाहा’. आणि कमानीवर मुख्याध्यापिकांनी नुकतीच टांगलेली पाटी - ‘शिस्त हीच शोभा’. गाडीचं टप त्या शिस्तीलाच बोटभर अडलं.

फाटकाशी गणिताच्या बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापिकांची सख्खी भाची, नोकरीत कायम व्हायच्या बेतात. म्हणजे तोंड मिटून राहण्याचे दिवस. पण जिभेला कोण सांगणार?

“दुसऱ्यांना मोजमाप शिकवता ना तुम्ही?”

खिडकीतून विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. “गेल्या वर्षी ही पाटी नव्हती, बाई. थांबा, टायरांतली हवा सोडतो.”

“आणि परत भरणार कोण? फुंकून?”

“तुम्ही मदत केलीत तर…”

तिनं हसू दाबलं. त्यानं ते दाबताना पाहिलं. दोघांनीही मनात नोंद केली.

“सातवीचा वर्ग, चढा गाडीत!” ती ओरडली. पोरं दाटीवाटीनं चढली, गाडी दबली… आणि अलगद आत आली.

“विज्ञान मी सांभाळतो,” तो उतरत म्हणाला. “गणिताची जागा रिकामी आहे… गाडीत.”

“फक्त गाडीतच?”

त्याचे कान लाल झाले. चुंबक शिकवणारा माणूस, आणि ओढ काही लपवता येईना!

तासाभरात पोरांनी भिंगातून एकमेकांचे डोळे पाहिले, तराजूत चपला तोलल्या आणि एक काचेची नळी फोडली. त्या आवाजासरशी मुख्याध्यापिका आल्या.

“गाडी आत्ताच्या आत्ता बाहेर! पुन्हा या आवारात दिसायची नाही.” मग भाचीला बाजूला घेऊन हळूच, “तुझा कायमचा कागद टेबलावर आहे, माझी सही तेवढी बाकी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. त्यातून हे पळतं चार चाकांवर आहे!”

गाडी निघाली आणि पुन्हा पाटीला अडली.

“बघत काय उभ्या राहिलात?” मुख्याध्यापिका कडाडल्या. “बसवा पोरांना, काढा एकदाची!”

पोरं चढली, त्यांच्याबरोबर बाईही चढल्या. कमानीबाहेर पोरं उतरली. बाई मात्र पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

“उतर खाली.”

“नाही, आत्या.” शाळेत हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. “शाळेची भिंगं तुझ्या कपाटात कुलपातच म्हातारी झाली. मला नाही व्हायचं. आणि हातच्याचं म्हणशील, तर हातचा धरून बसायचा नसतो गं, पुढच्या घरात न्यायचा असतो. नाहीतर सगळी बेरीज चुकते.”

“कुठलं पुढचं घर?”

“सध्या तरी चार चाकांचं.” मग ती पोरांकडे वळली. “दर शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, इथेच. रस्त्यावर कुणाची पाटी नाही!”

पोरांनी एकच गिल्ला केला. शेजारी स्टिअरिंग घट्ट धरून तो पुटपुटला, “बाई… ते पुढचं घर… म्हणजे मीच ना?”

“गाडी चालू करा. ताळा करायला अख्खं आयुष्य पडलंय.”

त्या आनंदात पठ्ठ्यानं गिअर टाकला तो नेमका उलटा. पोरं उतरल्यानं गाडी पुन्हा उंच झालेली. ती झपकन मागे गेली, आणि ‘शिस्त हीच शोभा’ धाडकन खाली आली.