डोमाजीची पाळी

श्रीकृष्णराव पांढरीपांडे यांच्याइतका काटेकोर माणूस अख्ख्या दिग्रसात शोधून सापडायचा नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं हजेरीबाबू होते. भोंग्यानंतर दोन मिनिटं उशिरा आलेल्या मजुराला ते काही बोलत नसत, नुसतं भिंतीवरचं घड्याळ दाखवत. देवाला नमस्कार करायचे तो बायको शोभाताईंच्या समाधानापुरता, आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सरळ चपला घालून घरी चालू लागायचे. अशा माणसाच्या वाट्याला हे यावं, आता काय म्हणावं!

दोन हजार सहा साल होतं. कापसाला भाव नव्हता, सरकारी खरेदी रखडली होती, बाजार समितीबाहेर बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नव्हती. जिनिंग तर आधीच बंद पडलेलं. चौकात दोन माणसं भेटली तरी बोलायला विषय नसायचा. अशा सुतकी दिवसांत गावातल्या चार लोकांनी ठरवलं की काहीतरी चांगलं करू. घनश्याम भोयरचा सत्कार करायचा, तोही जिनिंगच्या पटांगणात, आणि त्याच्यावर एक स्मरणिका काढायची. लिहायचं काम अर्थातच श्रीकृष्णरावांच्या गळ्यात पडलं.

घनश्याम कोण, हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. कबड्डी पगारावर खेळणारा हा त्या भागातला पहिला गडी. बहात्तर साली जिनिंगच्या शेटनं त्याला गावच्या संघातून उचललं. मस्टरवर हुद्दा ‘रुईच्या गाठी बांधणारा’, पण पठ्ठ्यानं जन्मात एक गाठ बांधली नाही. खेळणं हेच काम. रोजचं दूध, अंडी, नवी चड्डी-बनियन आणि महिन्याला पगार. बाप डोकं धरून बसायचा. “खेळाचे पैसे घेते माहा पोरगा! उद्या नाचाचेबी घेईन.” पण घनश्यामच्या दमाला तोड नव्हती. पुसद, उमरखेड, पार आदिलाबादपर्यंत शेट त्याला फिरवायचा. दूरदूरची माणसं नुसता त्याचा दम ऐकायला यायची. एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्याच जिनिंगच्या फाटकावर तो चौकीदार झाला. श्रीकृष्णरावांचा त्याच्यावर भारी जीव. सख्ख्या भावावर नसेल एवढा.

स्मरणिकेत मुख्य लेख अर्थात मुकुटबनच्या सामन्याचा. चौऱ्याहत्तरचा तो अंतिम सामना, आणि गुण लिहायला, बाद गड्यांना उठवायला श्रीकृष्णरावच बसले होते. तेव्हा संजीवनीचा खेळ असायचा. आपला गडी बाद झाला की रेषेबाहेर ओळीनं बसायचं. समोरचा एक बाद झाला की आपला एक उठून आत यायचा, आणि तोही ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. आधी बसला तो आधी उठणार, हा नियम गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. जिनिंगचे सहा गडी बाहेर बसलेले. पहिला डोमाजी आत्राम, झरीकडचा, पकडीत वाघ. त्याच्यानंतर चौघं आणि सगळ्यात शेवटी घनश्याम. आत एकटे मारोतराव गुल्हाने. मारोतरावांनी समोरच्याची तंगडी धरली, पंचांची शिट्टी झाली, म्हणजे आपला एक उठणार. डोमाजी अर्धा उठलाही होता. गर्दी घनश्यामच्या नावानं बोंबलत होती. आणि श्रीकृष्णरावांनी, त्या काटेकोर माणसानं, हात केला तो ओळीच्या टोकाकडे. “घनश्याम, ऊठ!”

पंचांच्या ध्यानात आलं नाही. घनश्याम आत गेला, एका दमात चौघांना शिवून परत आला आणि वेळ संपली. जिंकले. डोमाजी आणि बाकीचे चौघं बसले होते तिथेच राहिले. रात्री ट्रकमध्ये सगळे गात होते, तेव्हा डोमाजी बाजूला येऊन एवढंच बोलला, “माही पाळी होती, बाबू.”

श्रीकृष्णरावांनी त्यावर हसून त्याला विडी दिली होती.

आता बत्तीस वर्षांनी लिहायला बसल्यावर ते वाक्य त्यांनी अर्थातच गाळलं. सत्काराच्या लेखात असल्या गोष्टी कोण घालतं? पण दिवंगत खेळाडूंसाठी एक पान हवं होतं. म्हणून ते एस.टी.नं गावोगाव हिंडले, त्या संघातल्या पाचही जणांच्या घरी गेले, भिंतीवरच्या फोटोंखालच्या तारखा वहीत उतरवून आणल्या. दुसऱ्या पानावर घनश्यामचा जीवनपट होता. कधी जन्मला, कधी लागला, कोणत्या संकटातून कसा वाचला. त्याची बायको भागीरथा हौसेनं सांगत होती, “लय वेळा वाचले जी हे. देवच पाठीशी हाय.”

दोन्ही पानं शेजारी ठेवून ते शुद्धलेखन तपासत होते. भर दुपार होती, शोभाताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

चौऱ्याहत्तर, पंधरा नोव्हेंबर. रुईची गाठ अंगावर पडून घनश्याम बेशुद्ध झाला, तासाभरानं उठून बसला. शेजारच्या पानावर त्याच तारखेला डोमाजी आत्राम तापानं गेला होता. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात घनश्यामला साप चावला, सकाळपर्यंत उतार पडला. ओळीतला दुसरा गडी त्याच सकाळी गेला. मग कावीळ, मग एस.टी.चा अपघात, मग तीन वर्षांपूर्वीचा हृदयाचा झटका. पाच वेळा घनश्याम उठला होता आणि पाच तारखा पाच फोटोंखाली होत्या. क्रमही तोच. जसे बसले होते तसेच गेले.

“अहो, पंखा लावू का? घाम फुटलाय तुम्हाला,” शोभाताई म्हणाल्या.

त्यांना दुसरंच आठवत होतं. पाचही वेळा ते घनश्यामच्या उशाशी होते. पाचही वेळा त्यांनी त्याच्या गालावर थापट मारून तेच म्हटलं होतं. दुसरं म्हणणार तरी काय? पडलेल्या मित्राला माणूस ऊठच म्हणतो.

सातांतले आता दोघंच उरले होते, घनश्याम आणि मारोतराव.

दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. योगायोग, योगायोग, असं मनाशी घोकून झालं. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि मारोतरावांच्या मळ्यात गेले. मारोतराव सत्तरीला आलेले, पण अजून पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेऊन चालत होते. त्यांची बायको जमनाबाई बाजेवर कापूस निवडत होती. श्रीकृष्णरावांनी मारोतरावांना बांधाकडे नेलं आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

मारोतराव पोट धरून हसले. “तुमी बाबू, हजेरी लिहू लिहू येडे झाले! अन् मी त कुठी बाद झालतो त्या दिसी? मी आतच होतो.”

“ते खरं,” श्रीकृष्णराव म्हणाले. त्या एका गोष्टीवर त्यांनाही आधार वाटला. “तरी पण सत्काराला येऊ नका, मारोतराव. माझं ऐका.”

“वा! घनश्यामचा सत्कार अन् मी नोको? काहून जी? जमनीनं नवं लुगडं घेतलं त्याच्यासाठी.” मग ते जरा थांबले. हसू तसंच ठेवून म्हणाले, “असं करा. त्याले काही झालं, त तुमी त्याले उठवूच नोका.”

हे त्यांनी थट्टेत म्हटलं की खरंच, हे श्रीकृष्णरावांना परतीच्या वाटेवर काही केल्या ठरवता आलं नाही.

सत्काराला सकाळी अकराची वेळ होती. जानेवारीचं ऊन, पटांगणावर मांडव, खाली सतरंज्या. घनश्याम कडक इस्त्रीचा सदरा घालून मधल्या खुर्चीत, डावीकडे भागीरथा, उजवीकडे मारोतराव आणि त्यांच्या मागे जमनाबाई. लोक इतके आले की सतरंज्या पुरेनात, मागची माणसं मातीत बसली. फक्त मांडवाच्या डाव्या कडेला, हौसेनं आखलेल्या मैदानाच्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेलगत, जागा रिकामी होती. पाच माणसं ओळीनं बसतील एवढी. सत्कार मंडळाचा कपिल लोकांना तिकडे सरकायला सांगत होता. लोक मान डोलवत होते आणि कोणी सरकत नव्हतं.

“ऊन येऊन राह्यलं तिथं,” एकजण म्हणाला.

तिथे सावली होती.

श्रीकृष्णरावांनी तिकडे पाठ केली आणि मानपत्र वाचायला घेतलं. मनाशी त्यांनी पक्कं ठरवलं होतं. आज काहीही झालं तरी तोंडातून तो शब्द काढायचा नाही. डॉक्टर आहेत, दवाखाना जवळ आहे, जे व्हायचं ते आपल्याशिवाय होऊ दे.

मुकुटबनचा उतारा आला. ‘एका दमात चौघांना शिवून’ हे शब्द त्यांनी वाचले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घनश्यामही हसला. हसता हसता त्यानं छातीशी हात नेला. तोंड उघडं राहिलं. जिल्हाभर गाजलेला तो दम त्याच्याच गळ्यात अडकला.

खुर्चीसकट तो खाली आला.

एकच गलका झाला. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा. डॉक्टर गर्दीतून वाट काढत होते. घनश्यामचे ओठ निळे पडले.

“भाऊ!” भागीरथा किंचाळली. “भाऊ, तुमीच हाक मारा ना जी! तुमचंच आयकते ते! दर वेळी तुमचंच आयकलं!”

श्रीकृष्णरावांनी ओठ घट्ट मिटले.

त्यांनी वर पाहिलं. मारोतराव खुर्चीतच होते. हसत नव्हते. ते हळूच, कोणाला दिसणार नाही अशी, मान हलवत होते. नोको.

डावीकडे रेषेलगत काहीतरी हललं. तिथे कोणी नव्हतं. पण मातीवर बसलेला माणूस उठायला लागतो, हाताचा रेटा देतो, तेव्हा जेवढी धूळ उडते तेवढी धूळ उडाली. पहिल्या जागेवर. फक्त पहिल्या.

आणि तशीच थांबली, अर्ध्यावर.

कोणाचं नाव घ्यायचं ते त्यांना कळलं. स्वच्छ कळलं. बत्तीस वर्षं उशीर झाला होता, पण अजून घेता येत होतं. ते नाव घेतलं तर मारोतराव जमनाबाईला घेऊन मळ्यात जातील. ते नाव घेतलं तर हा खाली पडलेला उठणार नाही, कधीच नाही.

“भाऊ, पाया पडतो तुमच्या!” भागीरथेनं त्यांचे पाय धरले.

त्यांनी घनश्यामकडे पाहिलं. हा म्हातारा नव्हताच, तोच गडी होता, घामानं निथळणारा, ओळीच्या टोकाला बसून त्यांच्याकडे आशेनं बघणारा. जीव तुटला त्यांचा. डोमाजी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

“घनश्याम,” ते म्हणाले, “ऊठ.”

लांबलचक, घरघरता श्वास आला. मग दुसरा. घनश्यामनं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, ओशाळून हसला. डॉक्टर नाडी धरून म्हणाले, “अरे वा!” भागीरथा हसत रडत होती. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्या मांडवानं वाजवली, शिट्ट्या झाल्या. लोकांनी त्याला उचलून पुन्हा खुर्चीत बसवलं, खांद्यावरची शाल सारखी केली. फोटोवाला पुढे आला आणि सगळ्यांना म्हणाला, उभे राहा, जवळ या.

श्रीकृष्णराव उजवीकडे पाहत नव्हते. मानपत्राचा कागद हातात धरून ते समोर, नुसते समोर पाहत होते.

मागून जमनाबाईचा आवाज आला, नव्या लुगड्याची घडी मोडू नये तसा हळू, जरासा चिडलेला.

“अवो, उठा नं. सगळे उभे झाले. फोटो काढून राह्यले ते.”