हळदीवरची दहा बोटं

"ज्ञानेश्वरभाऊ, आधी वर या! यांचं चित्र फाडलंय कुणीतरी!"

वरच्या मजल्यावरच्या कैनातभाभींचा फोन. सावेडीतल्या त्या इमारतीत कुणाची चप्पल हरवली तरी ज्ञानेश्वर हवालदारांनाच बोलावणं यायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड कुठली जायला! ते धापा टाकत वर पोचले.

भाभींचे यजमान फैयाजभाई कागदावर चित्रं काढायचे. ना झाड, ना माणूस, नुसते रंग. पिवळा तर घरीच हळदीपासून बनवायचे. परवा पुण्याच्या प्रदर्शनाला जायचं त्यांचं सगळ्यात मोठं चित्र टेबलावर मधोमध फाटून पडलं होतं. दोन्ही तुकड्यांच्या पिवळ्या रंगावर लालभडक बोटं उमटली होती. हवालदारांनी मोजली. दहा.

त्यांनी कागद उचलायला हात पुढे केला.

"हात धुतलेत?" फैयाजभाईंनी विचारलं. कागदाला शिवायचं तर आधी साबणाने हात, हा त्यांचा कायदाच होता.

"घरात कोण होतं?" हवालदार म्हणाले.

"मी आत्ता शेवगावहून येतेय, बहिणीकडून," भाभी म्हणाल्या. "हे होते, आणि बनुबाई."

"मी जरा गच्चीवर गेलो होतो," फैयाजभाई म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बनुबाई अकरा वर्षं त्या घरात केर-फरशी करत होती. हवालदारांनी तिला समोर उभं केलं.

"चित्राला हात लावलास?"

"न्हाई."

"काही बोललीस?"

"सायबास्नी येवढंच म्हनले, ह्ये तर मागल्या वर्सी बी काढलं हुतं तुमी. परत त्येच काढलं व्हय?"

"तंबाखू खातेस?"

"खाते की."

"चुना लावून?"

"मग? नुसती कोन खातंय?"

झालं! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे शेंबडं पोरही सांगेल. हवालदारांनी ठेवणीतला चौकीचा आवाज काढला आणि तिला नको नको ते बोलले. तिने एकदा फैयाजभाईंकडे बघितलं, पदर खोचला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना हवालदारांच्या सदऱ्यावर आमटी सांडली. बायकोने सदरा काढून घेतला, डागावर साबण चोळला. डाग लालभडक!

"अगं, हे काय झालं?"

"हळद आहे ती. साबण लागला की लाल होणारच. जन्मात कधी कपडे धुतले असतील तर कळेल!"

हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. तसेच उठून ते वर गेले.

"भाभी, माझं चुकलं. तंबाखू मळणाऱ्याचा चुना एका अंगठ्याला लागतो, फार तर तळव्याला. दहाही बोटांना कसा लागेल? तो साबण होता."

"पण साबणाच्या हाताने चित्र फाडेल कोण?"

"तेच तर! दुसऱ्याचं चित्र फाडायला निघालेला माणूस आधी हात धुवून येत नाही. एकच माणूस येतो. फाडायच्या रागातसुद्धा ज्याची सवय सुटत नाही, तो. रागाच्या भरात साबण नीट धुवायचा राहिला, एवढंच. काय फैयाजभाई?"



"तिचं खरं होतं," फैयाजभाई म्हणाले. "तेच चित्र होतं. एवढे महिने मला दिसलं नाही, तिला उभ्या उभ्या दिसलं. लाज वाटली, फाडलं. मग तुम्ही चुना म्हणालात. हळद साबणानेही लाल होते, हे मला माहीत नव्हतं का? पण गप्प बसलो."

"अकरा वर्षं राबली ती!" भाभी ओरडल्या. "आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?"

हवालदारांनी मान खाली घातली. कालचा आपलाच आवाज त्यांच्या कानात घुमत होता. तोंड फैयाजभाईंनी शिवलं, पण शिव्या तर त्यांनीच दिल्या होत्या.

हवालदार आणि फैयाजभाई बनुबाईच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत होती.

"बनुबाई, चित्र मीच फाडलं," फैयाजभाई म्हणाले.

"ठावं हाय. शेजारच्या खोलीत फरशी पुसत हुते मी. आवाज आला की."

"मग काल बोलला का नाहीत?" हवालदारांनी विचारलं. आज त्यांच्या तोंडून 'तू' निघालं नाही.

बनुबाईने सूप खाली ठेवलं.

"सायेब बोलत्याल म्हनून थांबले हुते," ती म्हणाली. "जिना बी लई हळू उतरले मी."