पाचव्या कॅम्पसचा आवाज

सरका जवळ. दार लोटून घ्या आधी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या सख्ख्या दाजींवर गुदरलेली आहे.

विद्यापीठ एकच, पण कॅम्पस पाच, पाच गावांत विखुरलेले. शिकवणारे सर मुख्य कॅम्पसला, बाकी चार ठिकाणची पोरं पडद्यावर बघून शिकायची. एका दिव्यावर पाच घरं उजळायची, असा कारभार. ती यंत्रं दाजी सांभाळायचे. तास सुरू झाला की बाहेरच्या वर्गांचा आवाज बंद करायचा, हा तिथला नेम. नाहीतर त्या कलकलाटात सरांचं ऐकतंय कोण?

पाचव्या कॅम्पसचं छत कोसळलं ते भर तासात. पोरं आधी ओरडली असणार. पण आवाज बंद होता आणि दाजींची नजर भलत्याच पडद्यावर. पाचव्याच्या वर्गात पहिल्या बाकावर त्यांची लेक छकुली बसली होती. त्या वर्गातलं कोणीच वाचलं नाही.

ताईने त्यांना बोल लावला नाही. ती बोलायचीच बंद झाली. दाजींच्या डोक्यात एकच किडा, शेवटी पोरगी काय म्हणाली असेल?

वर्ष उलटलं. मोठी सुट्टी लागली, त्या शुक्रवारी रात्री साहेबांचा फोन आला. "पाचव्याची लाइन काढून टाका. आता कोण आहे तिकडे?"

दाजी एकटेच यंत्रांच्या खोलीत गेले. साधं काम. वायरीला हात लावला, तोच पाचव्याचा पडदा उजळला.

वर्ग भरलेला. पोरं ओळीने बसलेली. सगळ्यांचे ओठ हलत होते. छकुलीचेही.

दाजींनी आवाज चालू केला. वाढवला. पूर्ण वाढवला.

काही नाही...

"छकुले, बोल गं! बाबा ऐकतोय. आता ऐकतोय ना मी..."

ती ओरडत होती. जीव तोडून. मग थांबली. त्यांच्याकडे बघितलं. हात पुढे केला... आणि तिकडून कसलंसं बटण दाबलं.

पडदा विझला.

दाजींनी हाक मारली. तोंड उघडलं, पण...

त्यांचा आवाज आजतागायत परत आलेला नाही; हे सगळं त्यांनी लिहून सांगितलं. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. मात्र रात्री डोळा लागला की त्यांच्या तोंडून आवाज फुटतो. त्यांचा नव्हे. वर्गभर पोरांचा. एकदम.

ताई रोज त्यांच्या उशाशी बसते. त्या गलक्यात आपल्या लेकीचा आवाज सापडतोय का, कान देऊन ऐकते.

अजून सापडलेला नाही.